इलेक्ट्रिक ब्लँकेट आईला रात्रभर लावून ठेवू का?

उबदार_कोपरा

आई ७४ वर्षांची आहे. तिचे पाय रात्रभर गार पडतात, झोप लागत नाही. मोजे, रजई, रजईवर गोधडी असं सगळं करून झालं. गेल्या आठवड्यात भावाने त्याच्याकडचं इलेक्ट्रिक ब्लँकेट आणून दिलं. गादीवर अंथरायचं आणि वर चादर घालायची, त्या प्रकारचं. तीन-चार वर्षं कपाटात घडी घालून पडलं होतं. माहितीपत्रक कधीच हरवलंय.

आई पहिल्याच रात्री खूश झाली. झोप माझी उडाली आहे. रात्री दोनला उठते, तिच्या गादीवर हात फिरवून बघते आणि परत येऊन पडते.

रात्रभर चालू ठेवलं तर चालतं का? झोपेत अंथरूण ओलं झालं तर शॉक बसेल का? आणि हो, आईला १८ वर्षांपासून मधुमेह आहे. त्याचा याच्याशी काही संबंध आहे का? नेटवर एक जण म्हणतो बिनधास्त वापरा, दुसरा म्हणतो घर पेटेल. प्रत्यक्ष वापरणाऱ्यांनी सांगा प्लीज.

अर्धीरजई

आमच्याकडे नऊ वर्षं रात्रभर चालू असतं. दोघंही अजून लिहिण्याच्या अवस्थेत आहोत. एका बाजूला ६० वॉट, म्हणजे दोन्ही बाजू मिळून आठ तासांत एक युनिटही होत नाही. तेवढ्या वेळात १५०० वॉटचा रूम हीटर सलग चालवला तर बारा युनिट होतात. इतका विचार करू नका.

तारतंत्री

अर्धीरजई, वीज कमी लागते हे बरोबर. पण कमी विजेवर चालतं म्हणून कमी धोक्याचं, असं नसतं. साठ वॉटचा जुना पिवळा बल्ब उशीत गुंडाळला तर काय होतं ते आठवा. प्रश्न उष्णता किती तयार होते हा नाही, ती बाहेर पडते की नाही हा आहे.

उबदार_कोपरा, तुमच्या पोस्टमधलं मला खटकलेलं वाक्य म्हणजे 'तीन-चार वर्षं कपाटात घडी घालून'. आधी आत काय असतं ते सांगतो, म्हणजे का खटकलं ते कळेल.

मध्ये एक दोरा असतो. त्याच्याभोवती केसासारखी बारीक तापणारी तार मळसूत्रासारखी गुंडाळलेली असते, तिच्यावर प्लास्टिकचा थर असतो. ही तार नागमोडी ओळींत अख्ख्या ब्लँकेटभर शिवलेली असते. प्रत्येक वीतभर तारेतून थोडीशीच उष्णता निघते आणि ती सगळीकडून सारखी बाहेर पडेल हे गृहीत धरून सगळं मोजमाप केलेलं असतं. ब्लँकेटला चुणी पडली किंवा ते पायथ्याशी गोळा झालं की दोन-तीन ओळींची उष्णता एकाच ठिकाणी साठते. वर जड रजयांची चळत असेल तर ती जाणार कुठे?

जुन्या ब्लँकेटमध्ये जागोजागी लहान थर्मोस्टॅट शिवलेले असायचे, हाताला गाठींसारखे लागायचे. त्यांना फक्त स्वतःच्या जागेचं तापमान कळतं. दोन हातांवर चुणी पडून कापड करपत असेल तरी त्यांना पत्ता नसतो. नंतरच्या चांगल्या बनावटीत अख्खी तारच पहारेकरी असते. तापणाऱ्या तारेभोवती दुसरी तार असते, दोन्हींच्या मधल्या थराचा विद्युत गुणधर्म उष्णतेने बदलतो, तो बदल कंट्रोलर ओळखतो आणि पुरवठा तोडतो. म्हणून नव्यांना गाठी नसतात.

आता घडी. तीच घडी त्याच जागी, वर इतर कपड्यांचं वजन, अशी वर्षानुवर्षं राहिली की बारीक तार वाकलेल्या जागी कमजोर होते आणि तुटायला लागते. अर्धवट तुटलेल्या जागी ठिणगी पडते. लोक शॉकला भितात, पण ब्लँकेटमधून घरात आग येते ती जास्त करून या वाटेने, किंवा चुणीच्या वाटेने.

तर आज रात्री लावू नका. प्लग काढा, दिवसा ब्लँकेट पलंगावर सपाट पसरा, तळहात सगळीकडे फिरवा. मग दोघांनी धरून खिडकीच्या उजेडासमोर उभं करा. तारांच्या ओळी सारख्या अंतरावर दिसायला हव्यात. कुठे दोन ओळी चिकटल्यात, एकमेकींवर चढल्यात, तपकिरी डाग आहे, वायर जिथे ब्लँकेटमध्ये शिरते तिथलं आवरण फाटलंय किंवा प्लगची पिन काळी पडली आहे, यातलं एक जरी सापडलं तरी ते ब्लँकेट संपलं. मी आयुष्यभर वस्तू दुरुस्त करून पोट भरलं आहे, पण ब्लँकेट दुरुस्तीला घेत नाही. मध्ये जोड दिला की तोच नवा तापणारा बिंदू होतो, आणि पहारेकरी तार तुटलेली असेल तर ती कोण जोडणार?

रात्रपाळी

मी नर्स आहे. धागाकर्तीने मधुमेहाचा प्रश्न 'आणि हो' म्हणून शेवटी विचारलाय. माझ्या लेखी तोच पहिला आहे.

बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात पायांच्या नसा बोथट होतात. हे रुग्णाला समजतंच असं नाही, कारण न जाणवणारी गोष्ट जाणवत नाहीये हे कळणार कसं? अशा पायाला भाजतं तेव्हा तो ओरडत नाही. सकाळी मोजा काढताना त्वचा सोबत येते तेव्हा घरच्यांना समजतं. हे मी पाहिलेलं आहे आणि ते उकळत्या पाण्याने झालेलं नव्हतं, नुसत्या शेकाने झालं होतं. तळपायाची अशी जखम भरायला महिने लागतात, कधी बोटावर बेतते.

त्वचा भाजायला फार तापमान लागत नाही, वेळ लागतो. ६० अंश सेल्सिअसला साधारण पाच सेकंद पुरतात, ४९ अंशांना दहाएक मिनिटं आणि ४४ अंशांना सुमारे सहा तास. हे १९४७ पासून माहीत आहे. सहा तास म्हणजे एका रात्रीची झोप!

म्हणून आईंसाठी उत्तर 'रात्रभर नको' एवढंच आहे. झोपायच्या अर्धा तास आधी लावा, गादी उबदार होऊ द्या, त्या आडव्या व्हायच्या आधी बंद करा आणि प्लगही काढा. वर रजई असली की ती ऊब बराच वेळ टिकते.

अजून एक. त्यांचे पाय हाताला खरंच गार लागतात, की त्यांनाच फक्त गार वाटतात? नसांच्या त्रासात पाय हाताला कोमट लागतात आणि रुग्णाला बर्फासारखे वाटतात. दोन्ही गोष्टी डॉक्टरांना दाखवण्यासारख्याच आहेत. जाल तेव्हा मोनोफिलामेंटची चाचणी करायला सांगा. नायलॉनचा एक तंतू तळपायाला टेकवतात, दोन मिनिटांचं काम आहे.

साशंक

४४ अंशांनी भाजतं हे काही पटलं नाही. मी त्याहून गरम पाण्याने अंघोळ करतो. इतकं धोकादायक असेल तर विकतात कशाला?

रात्रपाळी

अंघोळीला दहा मिनिटं लागतात आणि तुम्ही जागे असता. पाणी अंगावरून वाहून जातं, शिवाय त्वचेखालचं रक्त उष्णता पुढे नेत राहतं. झोपलेल्या माणसाची टाच गादीवर दाबलेली असते. दाबाखाली रक्त कमी फिरतं, म्हणजे उष्णता वाहून नेणारा हमालच रजेवर. निरोगी माणूस झोपेतही पाय हलवतो. ज्याला जाणवत नाही तो हलवत नाही.

आणि विकतात ते सूचनांसकट विकतात. उष्णता न जाणवणाऱ्यांनी वापरू नये, तीन वर्षांखालच्या मुलांना अजिबात नको, असं त्यावर लिहिलेलं असतं. या उपकरणांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात, म्हणजे आयईसी ६०३३५-२-१७ मध्ये, त्या सूचना ठरवून दिलेल्या आहेत. आपण लेबल कापून टाकतो, टोचतं म्हणून.

अर्धीरजई

लेबल कापणारा मीच. कबूल.

एक चावट वाटेल असा पण शास्त्रीय प्रश्न. ब्लँकेट चालू असताना बायकोच्या दंडावरून हात फिरवला की त्वचा खरखरीत लागते, बारीक कंप आल्यासारखी. बंद केलं की सगळं पूर्ववत. नऊ वर्षं आम्ही याला प्रेम समजत होतो.

तारतंत्री

प्रेम असेलही, पण कंप विजेचा आहे. तार आणि शरीर यांच्यात नकळत एक कपॅसिटर तयार होतो आणि त्यातून अतिसूक्ष्म प्रवाह जातो. कोरड्या त्वचेवरून हलका हात फिरवला तरच तो कंप होऊन जाणवतो, हात स्थिर ठेवला तर नाही. प्लग उलटासुलटा लावता येणाऱ्या ठिकाणी उलटा लावून बघा, बऱ्याचदा कमी होतं. चांगल्या स्थितीतल्या ब्लँकेटमध्ये यात धोका नाही.

चटका किंवा झिणझिण्या बसल्या तर मात्र ती वेगळी गोष्ट. तिथे खटका बंद, प्लग बाहेर. अंथरूण ओलं होण्याबद्दल धागाकर्तीने विचारलं होतं. थरांच्या आवरणामुळे थोड्या ओलाव्याने लगेच शॉक बसत नाही, पण आवरण कुठे फाटलंय हे तुम्हाला कुठे माहीत असतं? ओलं ब्लँकेट लावायचं नाही, आणि 'चालू केलं की वाळेल' हे तर मुळीच नाही. रात्री अंथरूण ओलं होण्याचा त्रास असेल त्यांनी हा प्रकारच टाळावा. घरात ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक खटका नसेल तर तो बसवून घ्या, ब्लँकेट असो वा नसो.

बोकोबा

मांजरवाल्यांची बाजू मांडतो. ब्लँकेट लावलं की पाचव्या मिनिटाला बोका त्यावर. तो आधी पंजांनी कणीक तिंबतो, मग झोपतो. नख्या थेट तारेवर. लेबलवर काट मारलेल्या सेफ्टी पिनचं चित्र असतं, म्हणजे टाचण्या खुपसू नका. आमच्याकडे अठरा जिवंत टाचण्या आहेत. मी आता खोलीचं दार लावून गादी गरम करतो. तो बाहेर बसून रडतो.

साशंक

भाजण्याचं पटलं. पण रेडिएशनचं काय? कॅन्सर होतो म्हणतात.

तारतंत्री

यातून निघतं ते कमी वारंवारितेचं चुंबकीय क्षेत्र, क्ष-किरणांसारखं काही नाही. आयएआरसी या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये अशा क्षेत्रांना २बी, म्हणजे 'कदाचित कारणीभूत' गटात टाकलं. त्याचा आधार मुलांच्या ल्युकेमियाची पाहणी हा होता. ब्लँकेटवर झालेल्या अभ्यासांतून ठाम काही निघालेलं नाही. बऱ्याच नव्या बनावटीत जाणारी आणि येणारी तार लगत ठेवतात, त्यामुळे दोघींची क्षेत्रं एकमेकांना मारतात. तरी मनात शंका असेल तर झोपण्याआधी बंद करा. म्हणजे उत्तर फिरून तेच.

रात्रपाळी

गरोदर बायकांनाही मी तेच सांगते, गादी गरम करा आणि बंद करून झोपा. पहिल्या तीन महिन्यांत शरीराचं आतलं तापमान वाढू नये, एवढाच मुद्दा आहे.

काही गोष्टी लोकांच्या लक्षात येत नाहीत, म्हणून लिहिते. वेदनेसाठी फेंटानिलचा पॅच लावलेला असेल तर त्यावर कुठलाच शेक नको. उष्णतेने औषध भराभर शरीरात जातं आणि श्वास मंदावू शकतो. इन्सुलिनचं पेन उशाशी ठेवायची सवय असेल तर ते गरम गादीवर राहू देऊ नका, खराब होतं. घरी ऑक्सिजन चालू असेल तर ब्लँकेट नाहीच. पायांना पेट्रोलियम जेली किंवा पॅराफिनचं मलम रोज चोपडत असाल तर ते चादरीत मुरतं, आणि असं कापड ठिणगी पडली की फार लवकर पेटतं. झोपेची गोळी किंवा दारू घेतली असेल तर आपण जागे होऊ हा भरवसा सोडा.

आणि गरम पाण्याची पिशवी सोबत घेऊ नका. ब्लँकेट चालू असताना पिशवी गळली तर काय, हे वर तारतंत्रींनी सांगितलंच आहे.

मूकवाचक_७

पहिल्यांदाच लिहितेय. बहिणीने १२० व्होल्टवर चालणाऱ्या देशातून ब्लँकेट पाठवलंय. नुसता पिन बदलायचा अडॅप्टर लावला तर चालेल ना? एक्स्टेन्शन बोर्डाचं काय? आणि बाहेरून टायमर लावू का?

तारतंत्री

नाही, नाही आणि नाही.

अडॅप्टर फक्त पिनचा आकार बदलतो. १२० व्होल्टचं ब्लँकेट २३० ला लावलं तर उष्णता दुप्पट नाही, साडेतीन पटींहून जास्त होते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे वाढते. शंभर वॉटचं ब्लँकेट साडेतीनशेच्या वर जाईल. फ्यूज उडाला तर नशीब समजा.

एक्स्टेन्शन बोर्डाला इतका कमी भार सहज झेपतो हे खरं, पण पलंगाखालचा बोर्ड म्हणजे ढिला सॉकेट, धूळ आणि पायाचा धक्का. भिंतीतला सॉकेट वापरा. कंट्रोलर उशीखाली किंवा रजईत दडपू नका, तोही थोडा तापतो. टायमर ब्लँकेटमध्येच असलेला घ्या. बरेच कंट्रोलर वीज जाऊन आली की बंदच राहतात, मग बाहेरचा टायमर उपयोगाचा नाही. खटक्याचा जुना कंट्रोलर असेल तर तो घरात कोणी नसताना चालू व्हायचा. साध्या इन्व्हर्टरवरही लावू नका, त्याची वेडीवाकडी लहर काही इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरना मानवत नाही.

बोकोबा

धुवायचं कसं? बोक्याने मत नोंदवलंय.

अर्धीरजई

नऊ वर्षांत कधी धुतलंच नाही. हे इथे लिहायला नको होतं.

तारतंत्री

लेबलवर 'धुवा' असेल तरच. कंट्रोलर आणि वायर वेगळी करायची, सौम्य धुलाई, पिळायचं नाही. ड्रायक्लीनिंग नको, त्यातल्या द्रावकाने तारेचं आवरण खराब होतं. दोरीवर आडवं टाकून पूर्ण वाळवायचं, चिमटे तारांवर नकोत. इस्त्री नाही. ठेवताना सैल गुंडाळी करायची, वर काही ठेवायचं नाही. जागा असेल तर रिकाम्या पलंगावर सपाट ठेवणं उत्तम. डांबरगोळ्याही नकोत. कपाटात हात आपोआप तिकडे जातो, पण त्यांनी तारेवरचं प्लास्टिक बिघडतं.

अर्धीरजई, तुमचं नऊ वर्षांचं. दहाव्या वर्षी बदलायचं असा साधारण सल्ला असतो. तोवर निदान उजेडासमोर धरून बघा.

उबदार_कोपरा

सगळ्यांचे आभार. काल दुपारी मी आणि मुलीने ब्लँकेट खिडकीशी धरलं. वरचा भाग ठीक होता. पायथ्याकडे, घडीच्या रेषेवर, तीन ओळी एकत्र सरकलेल्या आणि त्यांच्यावर तळहाताएवढा फिकट तपकिरी पट्टा. मी आठवडाभर रोज रात्री हात फिरवत होते तो मधल्या भागावर! आईचे पाय होते त्या पट्ट्यावर.

लगेच तिचे पाय बघितले. डाव्या टाचेला रुपयाएवढा लाल चट्टा, फोड नाही. तिला विचारलं तर म्हणाली, "काही दुखत नाही गं." आधी हे ऐकून मला बरं वाटलं असतं.

आज डॉक्टरांकडे जाऊन आलो. तंतूची चाचणी केली. डाव्या पायाला तीन ठिकाणी तिला काही कळलंच नाही, डोळे मिटून बसली होती आणि मला वाटलं डॉक्टर अजून टेकवतच नाहीयेत. चट्ट्यावर लक्ष ठेवायला आणि रोज तळपाय बघायला सांगितलंय.

भावाला फोन केला तर तो आधी रागावला, "चांगलं होतं की ते." मग फोटो पाठवला. त्यानंतर फोन नाही, पण नवीन ब्लँकेट मागवल्याचा मेसेज आला. आपोआप बंद होणारं आहे.

रात्रपाळी

वेळेत पाहिलंत. लाल चट्टा दोन दिवसांत फिका पडला नाही, काळसर झाला किंवा फोड आला तर लगेच दाखवा, फोड घरी फोडू नका. आणि नवीन आपोआप बंद होणारं असलं तरी आईंसाठी नियम तोच. काही घड्याळं तीन तासांनी बंद करतात, काही दहा-बारा तासांनी.

अर्धीरजई

आमचं उजेडासमोर धरलं. ओळी सरळ आहेत, डाग नाही. पण माझ्या बाजूची वायर जिथे आत शिरते तिथे आवरणाला चीर पडलेली आहे आणि आत तांबं दिसतंय. बायकोची बाजू ठणठणीत. नवीन येईपर्यंत एका गोधडीत दोघं.

तारतंत्री

टाकताना वायर कापून टाका, म्हणजे कोणी उचलून परत वापरणार नाही. मग ई-कचऱ्यात द्या.

उबदार_कोपरा

कापली. आता नऊ वाजता गादी गरम करते, साडेनऊला प्लग काढून स्वतःच्या खोलीत आणून ठेवते, कारण आई गुपचूप परत लावते हे दोनदा पकडलंय. ती म्हणते मी तिची ऊब चोरते. मोजे घालून, कुरकुरत, दहाला झोपते. दोनला मी अजून उठतेच.

जुन्या ब्लँकेटचं कापड फार मऊ आहे. तारा ओढून काढून बोकोबांच्या बोक्याला पाठवू का?

बोकोबा

त्याला फक्त चालू असलेलं आवडतं.